स्पेकमध्ये एक, चालतं भलतंच: नवीन डेव्हलपरने खरं स्टँडर्ड कसं शोधायचं

ईमेल पत्त्यात ॲटच्या चिन्हाआधी जो भाग असतो ना, तो आरएफसी ५३२१ प्रमाणे (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम वगैरे लिहिलेली नंबरवार डॉक्युमेंटं) केस-सेन्सिटिव्ह धरायचा असतो. म्हणजे कॅपिटलमध्ये लिहिलेला पत्ता आणि तोच स्मॉलमध्ये लिहिलेला पत्ता हे दोन वेगळे मेलबॉक्स असू शकतात आणि ते ठरवायचा हक्क फक्त समोरच्या मेल सर्व्हरचा. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात जीमेल घ्या, आउटलुक घ्या, मोठी कुठलीही मेल सर्व्हिस घ्या, हा फरक कोणी करत नाही. आता नवीन माणूस स्पेक, म्हणजे हे लिहिलेले नियम, वाचून लॉगिनचं पान बनवतो, पत्ता जसा टाइप झाला तसाच तुलनेला घेतो, आणि मग कधीतरी फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलं की त्या बिचाऱ्या युजरला "असं अकाउंटच नाही" असा मेसेज दिसतो.

हे मी स्वतः पहिल्या नोकरीत केलंय. दोन दिवस मी सिनियरला स्पेकमधलं वाक्य दाखवत होतो आणि त्या दोन दिवसांत ज्यांचं लॉगिन अडलं होतं त्यांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. नंतर कळलं की हा प्रश्न फक्त ईमेलचा नाही, जिथे जिथे स्टँडर्ड आहे तिथे तिथे ही फट आहे, आणि ती कशी शोधायची हे कोणी शिकवत नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. एखाद्या संस्थेने बसून, मतं घेऊन, नंबर देऊन छापलेलं जे असतं ते डी ज्युरे स्टँडर्ड. आणि कोणी ठरवलेलं नसताना किंवा ठरवलेलं बाजूला ठेवून सगळे जे पाळतात ते डी फॅक्टो. "शास्त्रात् रूढिर्बलीयसी" हे वचन आपण ऐकलेलं असतं, त्यातलं शास्त्र म्हणजे पहिलं आणि रूढी म्हणजे दुसरं. पण रूढी बळकट असते म्हणून शास्त्र वाचायचंच नाही असा अर्थ काढू नका, कारण कामाला सुरुवात तिथूनच करायची आहे.

पायरी १: लिहिलेलं नीट वाचा, आणि ते नेमकं काय आहे ते ओळखा

आधी स्पेक. ब्लॉग नको, कोणाचं तरी उत्तर नको, मूळ स्पेक. माझी चूक काय झाली होती सांगतो, आरएफसी ५३२१ मध्ये "केस-सेन्सिटिव्ह धरलंच पाहिजे" या वाक्याच्या पुढेच असंही लिहिलंय की या फरकाचा फायदा घेऊन वेगवेगळे मेलबॉक्स बनवू नका, त्याने एकमेकांशी जुळणं बिघडतं. मी पहिलं वाक्य वाचलं आणि तिथेच थांबलो. पुष्कळदा फट कुठे आहे ते स्पेक स्वतःच सांगत असतं, फक्त दोन ओळी खाली.

दुसरं म्हणजे शब्दांचं वजन. आरएफसीमध्ये मस्ट, शुड, मे हे शब्द कॅपिटलमध्ये येतात तेव्हा त्यांचा अर्थ ठरलेला असतो, १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये तो लिहून ठेवलाय. मस्ट म्हणजे सूट नाही. शुड म्हणजे पाळा, पण सबळ कारण असेल आणि परिणाम माहीत असतील तर सोडता येईल. मे म्हणजे तुमची मर्जी. सगळ्यात जास्त फटी शुडपाशी सापडतात, कारण प्रत्येकाचं सबळ कारण वेगळं.

तिसरं, आरएफसी नंबर मिळाला म्हणजे ते स्टँडर्ड झालं असं नाही. सीएसव्हीचं, म्हणजे कॉमाने तोडलेल्या तक्त्याच्या साध्या फाइलीचं, आरएफसी ४१८० बघा, २००५ चं आहे, तोपर्यंत सीएसव्ही फाइली कित्येक दशकं फिरत होत्या, आणि त्या आरएफसीचा दर्जा आहे इन्फर्मेशनल, म्हणजे "बहुतेक लोक साधारण असं करतात" याची नोंद. त्यात म्हटलंय दोन फील्डांच्या मध्ये कॉमा, ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही ओळ संपल्याची चिन्हं दोन्ही. आणि जिथे दशांश चिन्ह म्हणून कॉमा वापरतात त्या भागातल्या सेटिंगवर एक्सेल सेमीकोलन घालून फाइल देतं आणि तिलाही सीएसव्हीच म्हणतं. तिथे "तुमची फाइल स्टँडर्डप्रमाणे नाही" असं क्लायंटला सांगून काही उपयोग नाही, कारण मुळात ते डॉक्युमेंट कोणावर बंधनकारक नाहीच.

आणि एक व्यावहारिक अडचण. आरएफसी सगळ्या फुकट वाचता येतात, पण आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची बरीच स्टँडर्ड विकत घ्यावी लागतात, एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं, आयएसओ ९०७५ त्यातलंच. मग होतं काय की ते मूळ डॉक्युमेंट फार थोडे लोक वाचतात आणि बाकी सगळे आपापल्या डेटाबेसच्या मॅन्युअलवरून एसक्यूएल शिकतात. फट पडायला एवढं पुरेसं आहे.

पायरी २: आता प्रत्यक्षात काय चालतं ते बघा, विचारू नका, बघा

एकाच टूलमध्ये बघून निष्कर्ष काढायचा नाही, कमीत कमी तीन वेगळ्या लोकांनी बनवलेल्या गोष्टींवर तोच प्रयोग करून बघायचा. एसक्यूएलमध्ये पहिल्या दहा ओळी हव्यात तर आपण डोळे झाकून लिमिट लिहितो, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट तिन्हीत चालतं, पण लिमिट हा शब्द स्टँडर्डमध्ये नाहीच. स्टँडर्डने २००८ मध्ये फेच फर्स्ट आणलं, तोवर लिमिट सगळ्यांच्या हातात बसलं होतं. किंवा रिकामी स्ट्रिंग घ्या, स्टँडर्डप्रमाणे रिकामी स्ट्रिंग वेगळी आणि नल, म्हणजे माहितीच नाही, तो वेगळा, पण ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नलच मानतं, आज नाही तर फार पूर्वीपासून. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना ही एक गोष्ट माहीत नसली तर कुठल्या कुठे बग निघतात.

जेसनचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण ते प्रत्येकाला कधी ना कधी चावतंच. जेसन म्हणजे प्रोग्रामनी एकमेकांना डेटा पाठवायची मजकुराची पद्धत, तिच्या व्याकरणात आकडा किती मोठा असावा याला मर्यादाच नाही. पण जावास्क्रिप्टमध्ये आकडा डबल म्हणून, म्हणजे ठरावीक अचूकतेच्या दशांश प्रकारात, साठवला जातो आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक अचूक राहतील याची खात्री नाही, शेवटचा अंक गुपचूप बदलतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. म्हणून मोठे आयडी सगळेजण स्ट्रिंग करून पाठवतात. आरएफसी ८२५९ या धोक्याची जाणीव करून देतं, पण आकड्याला बंदी घालत नाही, म्हणजे शेवटी रूढीनेच प्रश्न सोडवलाय.

मग प्रयोग कशावर करायचा? शक्य असेल तर खऱ्या डेटावर. तुमच्याकडे येणाऱ्या फाइली, लॉग, प्रॉडक्शनमधले रिक्वेस्ट, त्यातले शे-दोनशे नमुने काढून डोळ्याने बघा, हे काम कंटाळवाणं आहे पण याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. वेबचं काम असेल तर कुठला ब्राउझर काय सपोर्ट करतो याचे तयार तक्ते आहेत आणि ब्राउझर बनवणारे मिळून चालवतात तो वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स नावाचा मोठा टेस्ट संच आहे, त्याचे निकाल कोणालाही बघता येतात.

एककं पण तपासा, हे विसरतं नेहमी. १९९८ मध्ये आयईसी या विद्युत क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड संस्थेने ठरवलं की किलो म्हणजे १००० आणि १०२४ साठी किबी वापरायचं. डिस्क बनवणारे १००० धरतात, रॅमवाले १०२४ धरतात, आणि विंडोज १०२४ ने भागून पुढे जीबीच लिहितं, म्हणून १ टेराबाइटची डिस्क ९३१ जीबी दिसते. तिघेही "जीबी" म्हणतायत.

पायरी ३: फट का पडली ते शोधा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची आहे. कारण कळलं की पुढे काय होणार याचा अंदाज येतो, कारण कळलं नाही तर तुम्ही फक्त पाठांतर करताय.

उशीर हे एक कारण. नेटवर्क कसं बनतं ते सांगणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात थर सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेत. आयएसओने ते १९८४ मध्ये स्टँडर्ड म्हणून छापलं, पण आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं आधीचं रूप, १ जानेवारी १९८३ लाच टीसीपी/आयपीवर, म्हणजे आज इंटरनेट ज्यावर चालतं त्या प्रोटोकॉलवर, गेलं होतं, आणि त्याच वर्षी आलेल्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये टीसीपी/आयपीचा चालणारा कोड होता, विद्यापीठांच्या हातात तो पडला. पुढे अमेरिकन सरकारने गॉसिप नावाच्या धोरणाने सरकारी खरेदीत ओएसआय प्रोटोकॉल बंधनकारकही केले, १९९० पासून, आणि १९९५ मध्ये ती सक्ती सैल करावी लागली. म्हणजे संस्था आहे, सरकार आहे, सक्ती आहे, आणि तरीही चालणारा कोड आधी पोचला होता तो जिंकला. पण ओएसआयचे शब्द मात्र टिकले, आजही आपण रिक्वेस्ट अनेक सर्व्हरवर वाटणाऱ्याला लेयर ४ किंवा लेयर ७ लोड बॅलन्सर म्हणतोच, त्यामुळे स्टँडर्ड हरलं म्हणजे ते शिकायचं नाही असंही होत नाही.

पेटंट हे दुसरं. १९९२ च्या जेपेग या फोटोंच्या स्टँडर्डमध्ये डेटा दाबायचे दोन मार्ग दिलेत, हफमन कोडिंग आणि अरिथमेटिक कोडिंग. दुसऱ्याने फाइल थोडी लहान होते. पण त्यावर पेटंट होती म्हणून सगळ्यांनी हफमनच घेतलं. ती पेटंट केव्हाच संपली, पण आज तशी फाइल बनवलीत तर ब्राउझरमध्ये ती उघडत नाही. फाइल शंभर टक्के स्टँडर्डप्रमाणे आहे आणि कोणाला दिसत नाही. एकदा पडलेली फट कारण संपलं तरी आपोआप बुजत नाही हे यातून घ्यायचं.

कधीकधी चूकच गोठते. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम, त्यातल्या रेफरर (आधी कुठल्या पानावर होतात ते सांगणाऱ्या) हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला एक आर गळाला, १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये तो तसाच छापला गेला, आणि आता तेच बरोबर. नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी हेडरमध्ये मात्र दोन्ही आर आहेत. त्यामुळे कोड लिहिताना एका ठिकाणी चुकीचं स्पेलिंग बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर स्पेलिंग बरोबर, आणि कोणी "दुरुस्त" केलं तर हेडर वाचलाच जात नाही.

आणि चौथं कारण म्हणजे नियम माणसांना झेपत नाही. एक्सएचटीएमएल १.०, म्हणजे वेबपानाच्या एचटीएमएलचं कडक रूप, साल २००० मध्ये आलं, नियम कडक, योग्य कंटेंट टाइपने पाठवलं तर एक टॅग बंद करायचा राहिला तरी अख्खं पान मोडून एरर दिसायची. त्यात इंटरनेट एक्सप्लोरर आठव्या व्हर्जनपर्यंत तो कंटेंट टाइप समजतच नव्हता. मग लोकांनी काय केलं, लिहिताना एक्सएचटीएमएलसारखं लिहिलं आणि पाठवताना साधं एचटीएमएल म्हणून पाठवलं, ब्राउझरने ते नेहमीसारखं सांभाळून घेतलं. पुढचं एक्सएचटीएमएल २ चं काम २००९ मध्ये बंद झालं. आणि २००४ मध्ये ॲपल, मोझिला, ऑपेराच्या लोकांनी सुरू केलेल्या वॉटविजी या गटाने उलटा रस्ता धरला, मोडकंतोडकं एचटीएमएल आलं तर ब्राउझरने नेमकं काय करायचं हेच बारकाईने लिहून काढलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. लोक चुकणारच आहेत हे धरून नियम लिहिला तर सगळ्या ब्राउझरमध्ये चुकीचं पानसुद्धा सारखं दिसतं. २०१९ मध्ये वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनेही वॉटविजीबरोबर करार करून एचटीएमएलचं स्टँडर्ड त्यांच्याकडेच राहील हे मान्य केलं.

पायरी ४: नियम मोडला तर रोखणार कोण, ते बघा

स्पेक लिहिणारी संस्था सहसा कोणाला रोखत नाही, तिच्याकडे तशी ताकदच नसते. रोखतो तो ज्याच्या दारातून तुम्हाला जायचंय. डीमार्क घ्या, ईमेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का हे तपासायची पद्धत, २०१५ चं आरएफसी ७४८९ फक्त इन्फर्मेशनल दर्जाचं होतं, म्हणजे कागदावर सक्ती शून्य. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरा आहे हे तपासायच्या आणखी दोन पद्धती) आणि डीमार्क तिन्ही लागेल असं जाहीर केलं, जीमेलसाठी दिवसाला ५००० मेलची रेषा आहे, आणि झालं, ते सक्तीचं झालं.

सर्टिफिकेटचंही तसंच. वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या टीएलएस सर्टिफिकेटची मुदत कमी करावी का यावर ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांच्या फोरममध्ये २०१९ मध्ये मतदान झालं, प्रस्ताव पडला. २०२० च्या सुरुवातीला ॲपलने सांगितलं की १ सप्टेंबर २०२० पासून दिलेली ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदतीची सर्टिफिकेट सफारी मानणार नाही. बाकी ब्राउझरही तिकडे गेले, कंपन्यांना ऐकावं लागलं. मतदानात पडलेला नियम लागू झाला.

तर नवीन क्षेत्रात गेलात की एक प्रश्न वहीत लिहा, "मी हे चुकीचं केलं तर पहिली अडचण मला कुठे येईल?" जिथे येईल त्यांची कागदपत्रं स्पेकच्या शेजारी ठेवा.

पायरी ५: वारा कुठे वाहतोय

फट स्थिर नसते. रोबॉट्स टीएक्सटी, म्हणजे सर्च इंजिनच्या बॉट्सनी साइटवर कुठे जायचं ते सांगणारी फाइल, १९९४ पासून फक्त सामंजस्यावर चालत होतं, सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ झालं. पीडीएफ १९९३ मध्ये ॲडोबीचं स्वतःचं होतं, २००८ मध्ये आयएसओ ३२००० झालं. उलट बाजूला आयपीव्ही६, इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, डिसेंबर १९९५ मध्ये पहिलं स्पेक आलं, २०१७ मध्ये पूर्ण इंटरनेट स्टँडर्डचा दर्जा मिळाला, आणि तुम्हाला आजही जुनं आयपीव्ही४ सांभाळावंच लागतं. रूढी कागदाकडे चाललीय की कागद रूढीकडे, की दोघं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी राहणार, एवढं कळलं तरी पुढच्या दोन-तीन वर्षांचं काम नीट आखता येतं.

पायरी ६: ठरवा

जुना सल्ला असा की पाठवताना कडक राहा आणि घेताना उदार राहा, १९८० मध्ये टीसीपी-आयपीच्या सुरुवातीच्या स्पेकमध्ये जॉन पोस्टेल यांनी तो लिहिला. पहिला अर्धा भाग मी अजूनही जसाच्या तसा पाळतो. माझ्याकडून बाहेर जाणारी सीएसव्ही कॉमावाली, कोट्स नीट डबल केलेली. ईमेलच्या बाबतीत, पत्ता टाइप केला तसाच साठवायचा, मेल पाठवताना तसाच वापरायचा, आणि अकाउंट शोधताना मात्र दोन्ही बाजू लोअरकेस करून तुलना करायची. स्पेकही मोडत नाही आणि लॉगिनही अडत नाही. बहुतेक फटींवर असा दोघांना चालेल असा तोडगा निघतो, थोडं बसून शोधावं लागतं.

दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल सावध. सगळेच उदारपणे चुकीचं स्वीकारायला लागले की चुकीचंच रूढ होतं, २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये हीच काळजी मांडली आहे. आणि सिक्युरिटीच्या ठिकाणी उदारपणा सरळ भोक पाडतो. एकाच एचटीटीपी रिक्वेस्टमध्ये कंटेंट-लेंग्थ आणि ट्रान्सफर-एन्कोडिंग, म्हणजे मजकूर कुठे संपतो ते सांगायच्या दोन वेगळ्या हेडर, दोन्ही आल्या, पुढच्या प्रॉक्सीने एक मानलं आणि मागच्या सर्व्हरने दुसरं, तर रिक्वेस्ट कुठे संपली यावर दोघांचं एकमत राहत नाही आणि हल्लेखोराला मधे आपली रिक्वेस्ट घुसवता येते, रिक्वेस्ट स्मगलिंग म्हणतात त्याला. तिथे "समोरचा चालवून घेतो" हे कारण कधीच घ्यायचं नाही, संशयास्पद रिक्वेस्ट नाकारायची.

हेच टीममध्येही लावा. कोडिंगची स्टाइल गाइड एक म्हणते आणि लिंटरचं (कोड आपोआप तपासणाऱ्या टूलचं) सेटिंग दुसरं, तर लिंटर खरा, कारण बिल्ड तोच अडवतो, आणि गाइड बदलायला एक छोटा पुल रिक्वेस्ट टाका. पण प्रॉडक्शनचा पासवर्ड चॅटवर पाठवू नये असा नियम आहे आणि सगळे पाठवतात, तर तिथे रूढीमागे जायचं नाही, तुम्ही कितीही नवीन असलात तरी. आणि सिनियरला विचारताना "हे चूक आहे" असं सुरू करू नका, "स्पेकमध्ये हे असं आहे, आपल्याकडे असं दिसतंय, काही कारण होतं का?" असं विचारा. अर्ध्या वेळा खरंच कारण असतं, आणि उरलेल्या अर्ध्या वेळा त्यालाही ते नव्याने कळतं.

पायरी ७: लिहून ठेवा

रिपॉझिटरीतच एक साधी फाइल करा. प्रत्येक फटीसाठी पाच ओळी: स्पेक काय म्हणतं (कलमाच्या नंबरासकट), प्रत्यक्षात काय दिसलं आणि कुठल्या व्हर्जनमध्ये, कारण काय असावं, आपण काय ठरवलं, आणि तारीख. शक्य असेल तिथे त्या फटीवर एक टेस्ट लिहा, टेस्टच्या नावातच फट सांगा, म्हणजे उद्या लायब्ररीचं नवीन व्हर्जन आलं आणि वागणं बदललं तर टेस्ट पडेल आणि तुम्हाला त्याच दिवशी कळेल. माझ्या ईमेलच्या त्या गोंधळाची नोंद अशाच एका फाइलमध्ये पहिली होती. नंतर आलेल्या एका मुलीने तीच नोंद वाचून विचारलं की मग पासवर्ड रीसेटच्या पानावर आपण लोअरकेस का करत नाही, आणि खरंच तिथे राहिलं होतं.